खळीचा डबा

धाकटी जेवायची वेगळं आणि खायची वेगळं. ताटावर बसली की चिमणीसारखे दोन घास घेऊन उठायची. मग दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की चिंध्यांच्या पोत्यात हात घालून बिस्किटांचे पुडे काढायची आणि ते संपेपर्यंत मान वर करायची नाही. ती चवीने खात असेल असं कुणाला वाटलं तर ते साफ चूक. एखादं नावडतं काम घाईघाईने उरकावं तशी ती खायची. संपलं की रडायची, आणि रडून झालं की मशीनवर बसून शिवणी मारायची. त्या मात्र नाकासमोर सरळ.

दुकान शिंपीकामाचं, बापाने मागे ठेवलेलं, आणि राहायच्या दोन खोल्या त्याच्याच मागे. थोरली बहीण बेतायची आणि कापायची, धाकटी शिवायची. लग्न दोघींचंही झालेलं नव्हतं. थोरली काटकुळी. तिला जन्मात जेवण कधी गोड लागलं नाही, आणि अशा माणसाला दुसऱ्याची भूक हा स्वभावातली खोट वाटते. पोत्यात रिकामे पुडे सापडले की ती ते गिऱ्हाइकांसमोर कापायच्या टेबलावर ओतायची. आमच्याकडे उंदीर झालाय, नव्वद किलोचा, असं म्हणायची. गिऱ्हाइकं हसायची. धाकटीही हसायची, कारण न हसून करते काय. संध्याकाळी थोरलीच तिच्या डोक्यावरून हात फिरवायची, कपाटाला कुलूप लावायची आणि किल्ली कमरेला खोचायची. "मी आहे म्हणून," एवढंच म्हणायची. पुढचं दोघींना पाठ होतं.

धाकटीचे कपडेही थोरलीच बेतायची. पुढेमागे उसवून सैल करता यावं म्हणून शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतात, शिंपी त्याला माया म्हणतात. धाकटीच्या प्रत्येक कपड्यात चार बोटं माया असायची. ती आणखी फुगणार हे थोरलीने धरूनच ठेवलं होतं.

मग केकचं प्रकरण झालं. एक मास्तरीणबाई माप द्यायला आल्या होत्या. मुलाच्या वाढदिवसाचा केक त्यांनी बाकावर ठेवला आणि समोरच्या दुकानात जाऊन येते म्हणाल्या. परत येईपर्यंत धाकटी खोका घेऊन कपडे घालून बघायच्या पडद्यामागे गेली होती. थोरलीने पडदा बाजूला सारला तेव्हा तिच्या कोपरापर्यंत क्रीम होतं. थोरलीने तिला तसंच, हात न धुता, दुकानाच्या मधोमध उभं केलं आणि बाईंची माफी मागायला लावली. बाईंनी केकबद्दल चकार शब्द काढला नाही. जाताना धाकटीला बाजूला घेऊन म्हणाल्या की माझ्या बहिणीलाही हेच होतं, हा हावरटपणा नव्हे, आजार आहे, आणि एका डॉक्टरीणबाईंचा पत्ता देऊन गेल्या.

डॉक्टरीणबाईंनी तिला आल्या आल्या वजनकाट्यावर उभं केलं नाही, याचंच तिला नवल वाटलं. त्यांनी काय खातेस, कधी खातेस, खाण्याआधी मनात काय चालू असतं असं बरंच विचारलं. मग म्हणाल्या, पाव, भात, बटाटे, बिस्किटं आणि साखर बंद करून बघू. अंडी, मासे, मटण, चीज, लोणी, पालेभाज्या खा आणि पोटभर खा. उपाशी राहायचं नाही, उपाशी राहूनच हे बळावतं. काहींची खाण्याची ओढ याने शमते, काहींची शमत नाही, काहींना उलट त्रास होतो, म्हणून मधून मधून येऊन बोलत जा. धाकटीने यातलं "शमते" तेवढं ऐकलं.

घरी थोरलीने टर उडवली. लोणी खाऊन माणूस बारीक होत असतं तर गवळ्यांच्या बायका काडीसारख्या असत्या, म्हणाली. पण रांधून तीच घालायची, कारण स्वयंपाकघरात दुसऱ्याचा हात तिला खपत नसे. मैदा, साखर, बटाटे सगळं घराबाहेर गेलं. एक डबा तेवढा राहिला, आणि तो स्वयंपाकघरातला नव्हताच. कॉलर आणि कफ ताठ राहायला खळ लागते. थोरली मक्याचं पीठ पाण्यात शिजवून ती स्वतः करायची, आणि लेस उभी राहावी म्हणून तिला साखरेचं पाणी द्यायची. पीठ आणि साखरेच्या पुड्या दुकानातल्या एका पत्र्याच्या डब्यात असत. सगळ्या घरात खायला हुंगत फिरलेल्या धाकटीने त्या डब्याकडे खाण्याची वस्तू म्हणून कधी पाहिलं नव्हतं. तिच्या लेखी तो रंगाचा डबा असता तरी तेच.

पहिला आठवडा वाईट गेला. डोकं ठणकायचं, दोरा तुटला तरी डोळ्यांत पाणी यायचं. मग हळूहळू काहीतरी निवलं. एकदा गिऱ्हाइकांनी चहाबरोबर मागवलेली बिस्किटं बशीत उरली होती. धाकटीने कापड पसरायला बशी उचलून बाजूला ठेवली आणि विसरली. संध्याकाळी बशी विसळताना तिला ते आठवलं आणि ती खाली बसली.

"ताई, बिस्किटं होती आणि माझ्या लक्षातच नव्हतं गं," ती म्हणाली. "लहानपणापासून कुणीतरी सारखं मागे लागलेलं असावं, आणि आज वळून बघावं तर मागे कुणी नाही."

थोरलीला आनंद व्हायला हवा होता. तिने कमरेची किल्ली चाचपून पाहिली.

कपडे सैल झाले. धाकटी म्हणाली, ताई, आता आतली माया कापून टाक. थोरलीने ती आत दुमडून टाके घातले, कापली नाही. कापड वाया कशाला घालवायचं, म्हणाली. कमरेची किल्ली ती अजून खोचत होती, पण कपाट उघडंच पडलेलं असायचं आणि कुणी त्याच्याकडे फिरकत नसे. धाकटी आता गिऱ्हाइकांशी बोलायची, गळा असा नको तसा करा म्हणायची, आणि गिऱ्हाइकं तिचं ऐकायची. रिकाम्या पुड्यांचा विनोद थोरलीने एकदा सवयीने केला, तर कुणी हसलंच नाही.

दर महिन्याला एक बटणवाला यायचा. बटणं, चेन, हुक पुरवायचा. चाळिशीचा, बायको वारलेली, बोलायला मोकळा. इतकी वर्षं त्याने धाकटीची फक्त खाली घातलेली मान पाहिली होती. आता ती त्याच्याशी अडकणाऱ्या चेनवरून भांडायला लागली, आणि भांडता भांडता त्याला आवडायला लागली. तो दुसऱ्या गावी स्वतःचं दुकान टाकत होता. त्याने सरळ विचारलं, माझ्याशी लग्न करून येशील का, शिलाईचं सगळं तू बघ.

धाकटीने हे थोरलीला भांडी पुसताना सांगितलं.

"मी अजून हो म्हटलेलं नाही," ती म्हणाली. "हंगाम संपेपर्यंत थांबा म्हटलंय. तोवर मी अशीच बरी राहिले तर जाईन. नाही राहिले तर नाही. त्यांच्या घरात पुडे लपवत फिरायचं नाही मला."

थोरली म्हणाली, शहाणी आहेस.

त्या दिवशी तिच्या डोळ्यांपुढे काय आलं ते सांगतो. झाकण घातलेलं एक मशीन, एक ताट, आणि गिऱ्हाइकांचं विचारणं की धाकटी नाही का, मग आम्ही नंतर येतो. एकटीसाठी स्वयंपाक कशाला करायचा, हा प्रश्न तिला जन्मात पहिल्यांदा पडला आणि ती घाबरली. खरंच घाबरली. कुणाला तिची कीव येत असेल तर येऊ दे, मला येत नाही.

दोन दिवसांनी कोंबडीचं सूप पातळ झालं. शेजारच्या शेगडीवर कॉलरींसाठी खळ शिजत होती. थोरलीने त्यातली एक पळी सूपमध्ये सोडली आणि ढवळली. पहिल्या दिवशी हात चुकला असं आपण धरून चालू. दुसऱ्या दिवशी हात चुकत नाही. दुसऱ्या दिवशी तिने डबाच आत आणला. ऑम्लेटात पीठ, खिम्याच्या गोळ्यांत पीठ, पालकाच्या भाजीत पीठ, आंबट सॉसमध्ये साखरेचं पाणी. धाकटी म्हणाली, ताई, हल्ली तुझ्या हाताला काय चव आलीय. आणि थोरली वर साळसूदपणे विचारायची, पोट भरलं ना, भूक भूक तर होत नाही ना? दिवसातून चारदा विचारायची. चारदा विचारलं की नसलेली भूकही कान टवकारते. पिठाने किती केलं आणि त्या विचारण्याने किती, हे डॉक्टरांनाही सांगता यायचं नाही. थोरलीने दोन्ही मापं हातचं न राखता घातली एवढं मात्र खरं.

आधी धाकटीला स्वप्नात पाव दिसायला लागले. मग शिवताना मध्येच उठावंसं वाटायला लागलं. तिने थोरलीला सांगितलं, आणि थोरली म्हणाली की जित्याची खोड आहे बाई, ती अशी जाते का, पण तू धीर धर. धाकटीने धीर धरला, दात खाऊन धरला. एके दिवशी भर दुपारी गिऱ्हाइकाकडे पांढरा सदरा पोचवायला गेली ती बेकरीशी थांबली. तिथेच भिंतीकडे तोंड करून, सदरा खांद्यावर टाकून, तिने जॅमचे पाव एकामागून एक खाल्ले. घरी आली तेव्हा सदऱ्याच्या कॉलरवर तिची पाचही बोटं उमटली होती. थोरली एका शब्दानेही रागावली नाही. तिने कॉलर धुतली, पुन्हा खळ दिली आणि धाकटीला कुशीत घेतलं. "असू दे," म्हणाली, "मी आहे ना."

धाकटी डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी काय काय खाल्लं ते विचारलं. तिने प्रामाणिकपणे सांगितलं की सूप, ऑम्लेट, खिमा, पालक, सगळं घरचं, सगळं ताईच्या हातचं, बेकरीतले ते पाव सोडले तर बाहेरचं काही नाही. बाईंनी तरी खोदून विचारलं, कशात पीठबीठ पडत नाही ना? ती म्हणाली, घरात पीठच नाही. मग बाई म्हणाल्या की असं होतं, हा आहार सगळ्यांना लागू पडत नाही, त्याचं एवढं मनाला लावून घेऊ नकोस, दुसरेही उपाय आहेत, पुढच्या वेळी त्यावर बोलू. धाकटीने यातलं "लागू पडत नाही" तेवढं ऐकलं. पुढच्या वेळी ती गेली नाही.

बटणवाल्याला तिने दुकानातच सांगितलं, मी येणार नाही. तो म्हणाला, खाते तर खा की, माझी तक्रार नाही. ती म्हणाली, माझी आहे. तो थोडा वेळ बसला, थोरलीने त्याला चहा दिला, मग तो आपली पेटी उचलून गेला. त्या संध्याकाळी थोरली काम करताना गुणगुणत होती.

दुसऱ्या दिवसापासून डबा परत दुकानात गेला. थोरली काही राक्षसीण नव्हती. काम झालं होतं, मग उगाच कशाला? सूप पुन्हा पातळ झालं. आता धाकटी जरा निवळेल, पुन्हा पूर्वीसारखी होईल, अधूनमधून चोरून खाईल, रडेल, आपण किल्ली खोचू, असं तिने मनाशी बेतलं होतं. बेतण्यात तिचा हात कधी चुकत नसे.

पण धाकटी चोरून खाईना. ती उघड खायला लागली. सूपाला तिने हात लावला नाही. सकाळी बेकरीतून पाव आणायची आणि मशीनशेजारी ठेवून गिऱ्हाइकांदेखत खायची. पुडे आता पोत्यात दडवत नव्हती आणि खाऊन झाल्यावर रडतही नव्हती. कपाटाला कुलूप लावलं तर ती शांतपणे बाहेर जाऊन दुसरं घेऊन यायची. थोरलीने सोडलेली सगळी माया एका हिवाळ्यात उसवून झाली आणि नवीन कपडे बेतावे लागले. मग पाय सुजायला लागले. पायाला झालेली एक जखम भरेना. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी रक्तातली साखर बघितली आणि थोरलीला बाहेर बोलावून सांगितलं की हे असंच चाललं तर आधी पाय जाईल आणि मग बाकीचं.

थोरली त्या दिवशी घरी येऊन धाकटीसमोर बसली. दुकानाचं दार तिने लावून घेतलं होतं. तिने अंडी उकडली होती, मासे तळले होते, चीज आणलं होतं, आणि सगळं टेबलावर कात्री बाजूला सारून मांडलं होतं.

"परत सुरू कर ते पथ्य," ती म्हणाली. "पाया पडते तुझ्या. तेव्हा किती छान झाली होतीस."

धाकटीने तिच्याकडे मायेने पाहिलं. थोरली रडते आहे हे पाहून तिचेही डोळे भरून आले.

"ताई, केलं ना मी," ती म्हणाली. "बेकरीशी थांबले त्या दिवसापर्यंत एकदाही मोडलं नाही. दुसऱ्या कुणी रांधून घातलं असतं तर मला शंका आली असती, की काहीतरी चुकलं असेल, परत करून बघू. पण तू घालत होतीस. तुझ्याकडून कसं चुकेल? म्हणजे खोट माझ्यातच आहे. हे एकदा कळलं आणि बरं वाटलं गं मला. आता भांडायचं नाही स्वतःशी."

थोरलीने तोंड उघडलं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य ऐकलं तर ही पथ्य करील, जगेल, आणि उठून निघून जाईल, हे तिला लख्ख दिसलं. न ऐकलं तर इथेच राहील. थोरलीने तोंड मिटलं.

"मासे तू खा," धाकटी म्हणाली. "कशाला एवढं केलंस? मला पाव दे कापून, माझे हात आताशा थरथरतात."

थोरली उठली. तिने पाव घेतला, सुरी घेतली, आणि एकसारखे काप कापून तिच्या ताटात वाढले.