रिकाम्या गाडीचा तोल

नीलची गाडी पहिल्यांदा म्हैसूरच्या नजरबादमधल्या त्या गल्लीत शिरली ना, तेव्हा पूजिता गच्चीत कपडे वाळत घालत होती. खाली बघितलं आणि तिच्या हातातला ओला टॉवेल सुटला तो थेट गाडीच्या बॉनेटवर!

"अगं, आल्या आल्या अभिषेक?" नील खालून ओरडला.

पण पूजिताचं सगळं लक्ष गाडीकडे. पिवळीधमक, दोनच सीटची, आणि इतकी बसकी की शेजारच्या वनजाआंटींचा कुत्रा वरून वाकून आत बघत होता. स्पोर्ट्स कार! त्यांच्या गल्लीत! नील म्हणजे त्यांचा वरच्या मजल्यावरचा भाडेकरू, पुण्याचा, कंपनीत कोडिंग करणारा. फिरायला जायचं नाही, हॉटेलात खायचं नाही, एक वाळकी चटई टाकून झोपायचं, आणि मग कळलं की हा सगळा संन्यास कशासाठी होता. जुनी होती गाडी, कुणीतरी वापरलेली, पण म्हणून काय झालं!

पूजिता चार-चार पायऱ्या उड्या मारत खाली आली आणि पहिलं काय केलं असेल? रंग बघितला? सीट बघितली? छे. ती सरळ रस्त्यावर आडवी झाली आणि चाकाच्या आत डोकं घातलं.

"स्प्रिंगा पार बसल्यात," ती आतूनच म्हणाली. "नील, हे मी करू? नवीन सस्पेन्शन बसवून, पूर्ण सेट करून देते. माझ्याकडे दे ना. प्लीज."

आता तिला एवढी घाई का, ते सांगायलाच हवं. पूजिता मेकॅनिकल इंजिनियर. गाडी वळणावर कशी झुकते, कुठल्या चाकावर किती भार येतो, यातच तिचा जीव. तिला घरामागच्या शेडमध्ये स्वतःचं सस्पेन्शनचं वर्कशॉप काढायचं होतं. आणि तिच्या अप्पांना, म्हणजे वेंकोजीरावांना, ती बेंगळूरच्या ऑफिसात टेबलाशी बसलेली हवी होती. नोकरीचं पत्र येऊन पडलेलं, सोमवारी हजर व्हायचं.

"ही गाडी होऊ दे की मग," अप्पांनी शेवटी तोडगा काढला. ते सरकारी कचेरीतून रिटायर झालेले, त्यामुळे सगळं अटी घालूनच. "रविवारी तुझ्या बिंदुमाधवमामाच्या गोदामाच्या आवारात नील चालवेल, मी बघणार. दोन्हीकडं नीट वळली तर शेड तुझी. नाही वळली तर बेंगळूर. सरि?"

"सरि," पूजिता म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

झालं, कामाला लागली. नवीन सस्पेन्शन असं होतं की प्रत्येक चाकाच्या स्प्रिंगखाली एक कडं, ते पान्याने फिरवलं की तो कोपरा वर किंवा खाली. आणि गंमत काय, एक कोपरा हलवला की चारही चाकांवरचं वजन बदलतं. डगमगणाऱ्या टेबलासारखं. एका पायाखाली पुठ्ठा सारला की पलीकडचा पाय हलायला लागतो ना, तसं. म्हणून चार चाकांखाली चार चपटे वजनकाटे ठेवायचे आणि कडी फिरवत बसायचं, तोल जुळेपर्यंत.

काटे मांडले, आणि पूजिता नीलला म्हणणार, "बस आत," तेवढ्यात अप्पा शेडच्या दारात.

"अय्यो! पूजा झाल्याशिवाय कोण बसतंय गाडीत?"

त्यांच्या घरचा हा नियमच. गाडीला नवीन काही बसवलं की आधी कुंकू, फुलं, चाकांखाली लिंबं. तोवर आत कुणी बसायचं नाही. सायकलची चेन बदलली तरी हेच! अप्पांनी पंचांग बघून मुहूर्त काढला दोन दिवसांनी.

"काका, लिंबू चाकाखाली ठेवलं तर ते काटे..." नील काही बोलायला गेला.

"तू गप की रे," पूजिता त्याच्या कानात पुटपुटली. "नाहीतर मुहूर्त आणखी पुढचा काढतील. रिकाम्या गाडीवरच करून घेते आत्ता. तुला बसवून करायचं ते नंतर बघू."

रिकाम्या गाडीवर तिने असा तोल जुळवला, असा जुळवला की काट्यांवरचे आकडे बघून तिचीच छाती फुगली. मग पूजा झाली, लिंबं फुटली, अप्पांनी नीलच्या कपाळालाही कुंकू लावलं, आणि दोघं निघाली हुणसूरच्या वाटेवर मामाच्या आवारात. मामाचं तंबाखूचं गोदाम, पुढे हे एवढं मोठं डांबरी मैदान, सध्या मोकळं. पूजिताने प्लॅस्टिकच्या बादल्या उलट्या ठेवून वळणं आखली. नील एकटा बसला, ती बाहेर उभी.

उजवीकडचं वळण... काय वळली राव! लोण्यात सुरी. नील आतून ओरडतोय, पूजिता बाहेर नाचतेय.

मग डावीकडचं वळण. गाडीचं नाक सरळ वळणाबाहेर, टायर किंचाळतायत, आणि धाड! पहिली बादली उडाली ती मामाच्या ऑफिसच्या खिडकीपाशी. पुन्हा केलं. पुन्हा बादली.

"माझंच चुकत असेल," नील म्हणाला. पुण्याचा माणूस स्वतःहून असं म्हणाला, यावरूनच समजा तिचा चेहरा काय झाला असेल.

घरी आणून पुन्हा काट्यांवर. आकडे? चोख! नील बाहेर चपला काढून अदबीने उभा, पूजिता प्रत्येक बोल्ट तपासतेय, टायरची हवा बघतेय, चाकांचे कोन बघतेय. सगळं बरोबर. आवारात नेलं की डावीकडे नाक बाहेर. शेडमध्ये आणलं की सगळं बरोबर. वेड लागायची पाळी! शुक्रवारी संध्याकाळी ती जेवायलाही बसली नाही. बेंगळूरला न्यायची बॅग अप्पांनी आधीच माळ्यावरून काढून पुसून ठेवली होती, ती दारातच दिसायची.

शनिवारी सकाळी अप्पांनीच तिला ओढून बाहेर काढलं. "चल, फुलं आणायची आहेत. सुम्ने, उगीच त्या लोखंडाकडं बघत बसू नकोस."

दसरा जवळ आलेला. सयाजीराव रोडला पोचतात तर पोलिसांनी रस्ता अडवलेला. हत्तींची तालीम! राजवाड्याकडून ओळीने येत होते, रोजच्यासारखे. आता म्हैसूरच्या माणसाला हत्तीचं काय नवल? पण तुम्ही सांगा, खरंच कधी सवय होते का? लांबून दिसतात तोवर ठीक, पण समोर आले की आवाजच नाही! एवढं प्रचंड जनावर आणि पावलाचा आवाज नाही. अख्खा रस्ता गप्प झाला. अप्पांनी चपला काढल्या आणि हात जोडले.

सगळ्यात पुढच्या दांडग्या हत्तीच्या पाठीवर वाळूची पोती बांधलेली. दसऱ्याला अंबारी पेलायची, तर आधी वाळू पेलून चालायची सवय करतात. तो बरोबर त्यांच्यासमोर आला आणि माहूत काहीतरी बोलला. हत्ती थांबला. एका बाजूचं पोतं जरा घसरलं होतं, इतकं जरासं की पूजिताला दिसलंही नव्हतं. पण ते दिसल्यावर त्याची मघाची चाल लक्षात आली. हत्तीचा त्या बाजूचा पुढचा पाय आखूड पडत होता! दोघांनी दोर ओढून पोतं वर घेतलं, बांधलं. हत्ती निघाला, आणि चारही पाय असे पडायला लागले, जसं काही पाठीवर काहीच नाही. डोंगर चालतोय, आणि डुलतोय!

पूजिताने अप्पांची बाही ओढली.

"अप्पा," ती म्हणाली, "मी हत्तीला रिकामंच उभं केलं."

"काय?"

"रिकामं उभं केलं हो! पुस्तकाच्या पहिल्या पानावर असतं, चालवणारा बसवून वजन करा! नंतर बघू म्हटलं आणि विसरूनच गेले!"

फुलं राहिली तिथेच. ती पळत सुटली, अप्पा चपला हातात घेऊन मागे.

नीलला अंथरुणातून उठवून तसाच गाडीत बसवला, काट्यांवर. नील चांगला भरदार गडी. तो बसला मात्र, पुढच्या उजव्या काट्याचा आकडा कुठल्या कुठे! गाडी उजवीकडे बसून चालवायची, म्हणजे त्याचं सगळं ओझं उजवीकडे. आणि डावीकडे वळलं की गाडी तरी कुठे झुकते? उजवीकडेच. त्या बिचाऱ्या एका कोपऱ्यावर किती लादायचं?

"हलू नकोस," पूजिता गाडीखालून म्हणाली. "मान पण नाही."

"अगं, नाकाला खाज येतेय."

"येऊ दे."

वजन काही नाहीसं करता येत नाही, पण पुढच्या-मागच्या चाकांत नीट वाटून देता येतं. एक कडं जरासं खाली, शेजारच्या कोपऱ्यातलं जरासं वर. दुपारभर नील देवळातल्या मूर्तीसारखा. मध्येच अप्पा डोकावले, त्याच्या तोंडात एक म्हैसूरपाक घातला आणि आकड्यांकडे बघत म्हणाले, "हे खाल्ल्यानं फरक नाही ना पडत?"

रविवारी मामाचं आवार. अप्पा मुद्दाम डाव्या वळणाच्या बादलीशेजारी जाऊन उभे राहिले. पूजिता बरोबर समोर, ओढणीचं टोक दातात.

उजवं वळण झालं. लोणी. मग गाडी फिरून आली, डाव्या वळणाकडे, वेगात. पूजिताला डोळे मिटायचे होते पण मिटेनात. आणि मग... कसं सांगू? गाडी वळली असं वाटलंच नाही. कुणीतरी ती त्या वळणावर ओतली! पिवळी धार नुसती. टायर किंचाळले नाहीत, नाक तसूभर बाहेर गेलं नाही, बादलीच्या अंगावरून वारा गेला तेवढाच. एवढं लोखंड, एवढा वेग, आणि आवाज नाही. पुन्हा आली. पुन्हा तशीच. मामाचे हमाल काम टाकून दारात येऊन उभे.

पूजिताने अप्पांकडे बघितलं. त्यांच्या चपला बाजूला डांबरावर होत्या. दोन्ही हात जोडलेले.

गाडी थांबली. नील बाहेर आला तो हसतोय की रडतोय, त्याचं त्यालाच कळत नव्हतं. अप्पा अनवाणीच चालत आले, तापल्या डांबरावरून, आणि डावीकडच्या रिकाम्या सीटकडे वाकून बघत राहिले.

"पूजी, मी इथं बसलो, तर परत सगळं वजन करायला लागेल?"

"लागेल अप्पा."

"मग उद्या सकाळीच शेडमधली माझी जुनी स्कूटर बाहेर काढू," अप्पा म्हणाले. "तुला जागा कमी पडेल की."