बॉडीला लागलेली वायर

माझ्या गाडीच्या टेंपरेचरच्या काट्याची वायर डॅशबोर्डातून निघून इंजिनाकडे न जाता घराच्या फाटकाबाहेर गेली होती. मंगळवारी सकाळी साडेअकराला शौकत मिस्त्रींनी ते शोधून काढलं. ते स्टिअरिंगखाली डोकं घालून आडवे पडले होते आणि तिथूनच मला म्हणाले की वायर तळाच्या भोकातून खाली उतरलीय, पुढचं दिसत नाही. मी वाकून पाहिलं. पिवळी वायर, तिच्यावर पांढरी रेघ. मागच्या चाकाला वळसा घालून, पाण्याच्या टाकीला चिकटून ती फाटकाखालच्या फटीतून रस्त्यावर गेली होती.

तीन आठवडे काटा लालवर होता. गाडी मात्र थंडगार. रेडिएटरवर तळहात ठेवला तर बरं वाटावं, इतकी. शौकतभाईंनी सेन्सर बदलला, थर्मोस्टॅट बदलला, मीटरसुद्धा दुसऱ्या गाडीचा आणून लावून बघितला. नवा मीटर लावताच त्याचाही काटा उठून लालवर जाऊन बसला. शेवटी त्यांनी सेन्सरवरची वायरच काढली. वायर काढली की काटा खाली पडायला पाहिजे. पडला नाही.

"म्हणजे वायर मधेच कुठंतरी बॉडीला लागलीय, म्हणून काटा चढलाय," ते म्हणाले. "कापून टाकू का? काटा पडेल. तुम्ही मोकळे."

मी नको म्हणालो. एकतीस वर्षं मी टेलिफोन खात्यात लाइनमन होतो. वायर कुठं जाते ते बघितल्याशिवाय मी ती कधी कापली नाही. मी त्यांना गाडीत बसून काट्यावर लक्ष ठेवायला सांगितलं, काही हललं तर फोन करा म्हणालो, आणि वायर धरून निघालो.

तासगावातून बाहेर पडेपर्यंत वायर गटाराच्या कडेनं होती. पुढे मणेराजुरीच्या रस्त्याला ती उंच झाली आणि बेदाण्याच्या शेडमधून गेली. हिरव्या जाळीखाली द्राक्षं वाळत घातली होती. एक बाई वायरीवर धुणं टाकत होती. पूर्ण रस्त्यात मला दिसलेलं ते पहिलं माणूस.

"तुमची होय ही?" तिनं विचारलं.

"माझी."

"चांगली आहे. कपडे लगेच वाळतात."

मी बोटांची मागची बाजू लावून पाहिली. वायर कोमट होती. बाईनं सांगितलं की पूर्वी ती इतकी तापायची नाही, या महिन्यातच तापते, परवा तर एक परकर करपला. तिला मी दिलगीर आहे म्हणालो. तिनं कपडे बाजूला सारून मला वाट करून दिली.

कवठे महांकाळच्या पुढं रस्ता एका गाडीपुरता उरला. मग बैलगाडीपुरता. माझी सावली पायाखालीच होती आणि घड्याळात साडेअकराच वाजलेले. पाय दुखत नव्हते. उजवा खांदा तेवढा भरून आला होता, कारण वायर मी सोडली नव्हती. मागं वळून पाहिलं तर आलेला रस्ताही तेवढाच अरुंद दिसत होता.

एका गावात वायर आरोग्य उपकेंद्राच्या एका खिडकीतून आत जाऊन दुसरीतून बाहेर पडली होती. आत नर्सबाई एकट्याच बसल्या होत्या. त्यांनी वायरीला थर्मामीटर बांधला होता आणि समोरच्या वहीत रोजचा आकडा लिहिला होता. आज एकशे चार, त्या म्हणाल्या. काल एकशे तीन होता. औषध द्यायचं तर पेशंट पाहिजे, आणि पेशंट कुठल्या बाजूला आहे ते त्यांना कळत नव्हतं.

"तुम्ही कुठल्या बाजूनं आलात?"

मी तासगावची बाजू दाखवली.

"तिकडं कोण आजारी आहे?"

"कोणी नाही. तिकडं गाडी आहे."

त्यांनी विचार केला आणि गोळ्यांची एक पट्टी मला दिली. दोन वेळा, काहीतरी खाल्ल्यावर. पेशंटचं नाव काय लिहू, असं त्यांनी विचारलं. मला नाव माहीत नव्हतं. माहीत नाही असं मी सांगितलं. पण वायर आता जतच्या दिशेनं वळली होती, आणि जतमध्ये मी एकाच माणसाला ओळखत होतो.

पद्मा, माझी बायको, सोळा वर्षांपूर्वी जतला तिच्या बहिणीकडं गेली होती. भांडण झालेलं नव्हतं. बहिणीचं ऑपरेशन होतं. स्टँडवर मी तिला म्हणालो होतो की पंधरा दिवसांनी गाडी करून आणायला येतो. पंधराव्या दिवशी वादळ झालं, चाळीस खांब पडले. मग पुढची सुट्टी, मग दिवाळी. एकदा तिची चिठ्ठी आली, की बहीण बरी आहे. त्यात या किंवा येऊ नका असं काही नव्हतं. नंतर तिची बहीण वारली हे मला दुसऱ्याकडून कळलं, आणि मग इतक्या उशिरा कसं जायचं ते मला समजेना. निवृत्त झाल्यावर मी ही जुनी गाडी घेतली. कशासाठी घेतली ते शौकतभाईंना कधी सांगितलं नाही. तीन वर्षांत ती मार्केट यार्डाच्या पुढं गेली नव्हती.

जतमध्ये गल्ली माझ्या खांद्यांएवढी होती. मी तिरका होऊन चाललो. वायर आता हातात धरवत नव्हती, म्हणून रुमालात धरली. दोन्ही बाजूंच्या भिंतींत दारं होती, सगळी बंद. एक उघडं होतं.

खोली खाटेएवढी होती. खाटेच्या चारी कडा भिंतींना टेकल्या होत्या, त्यामुळे दारातून थेट खाटेवरच जावं लागत होतं. मी चपला गल्लीत काढल्या आणि पायथ्याशी बसलो. पद्मा भिंतीकडं तोंड करून झोपली होती. केस पांढरे झाले होते. वायरीचं पिवळं आवरण संपून पुढचं तांबं तिच्या डाव्या मनगटावर गुंडाळलं होतं, बांगड्यांच्या जागी.

"आलात," ती न वळता म्हणाली.

मी हो म्हणालो.

"गाडी कुठंय?"

गाडी घरीच आहे, मिस्त्री बघतायत, तिच्यात बिघाड आहे, त्याचाच शोध घेत आलो, असं मी सांगितलं.  मी तिला गोळी दिली. खायला काही नव्हतं, तिनं ती नुसत्या पाण्याबरोबर घेतली. मग तिनं मला हळूहळू सांगितलं. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी वायर दाराखालून आत आली. तिनं ती ओळखली. मी अशा वायरी घरी आणायचो, त्यांच्या तुकड्यांनी ती दुधाच्या पिशव्या बांधायची. रोज ती वायर हातात धरून बोलायची. जेवण झालं, लाइट गेली, आज बरं वाटत नाही.

"तुम्हीच पाठवलीत ना?" तिनं विचारलं.

"मीच पाठवली."

"मग उत्तर का दिलं नाही?"

तीन वर्षं काटा मधोमध होता. मधोमध असला की माणूस बघत नाही.  मी तिचा हात हातात घेतला. तो इस्त्रीसारखा तापला होता. चटका बसला, तरी मी धरून ठेवला. ती वळली आणि माझ्याकडं बघत राहिली. तिनं माझ्या कपाळावरची जखमेची खूण बघितली, जी ती गेल्यानंतरची होती, आणि कशानं झालं विचारलं. खांबावरून पडलो, म्हणालो. तेव्हा तुमचं सगळं कुणी केलं? कुणी नाही, मीच.

हात निवत गेला. किती वेळ गेला सांगता येत नाही. फोन वाजला तेव्हा तिचा हात साधा, माणसाच्या हातासारखा होता.

"काय केलंत हो अण्णा?" शौकतभाई म्हणाले. "काटा उतरला. एकदम मधोमध."

"काही केलं नाही. धरून बसलोय."

"मिटलं मग. मी बोनेट बंद करतो आणि एक ट्रायल मारून येतो."

मी त्यांना गाडी चालू करू नका म्हणालो. पण त्यांनी फोन सीटवर ठेवला असावा. मला किल्ली फिरल्याचा आवाज आला, मग इंजिन. पहिल्या फटक्यात सुरू झालं. मी दोनदा त्यांना हाक मारली. गिअर पडला.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मधे सत्तर किलोमीटर वायर होती आणि तिला ढील होती. मग गल्लीत सरपटल्याचा आवाज आला. खाटेवर पडलेले वायरीचे वेढे एकेक करून सुटले आणि दाराबाहेर गेले. मी घाईनं पद्माच्या मनगटावरचं तांबं सोडवायला लागलो. टोक शोधलं, सापडेना. आयुष्यभर मी वायरीची टोकं शोधली होती. तिच्या मनगटावरचा एक वेढा माझ्या मनगटावरून गेला होता, तो कधी पडला ते मला कळलं नव्हतं.

वायर ताणली गेली आणि तिच्यातून बारीक आवाज यायला लागला. पद्मा उठून बसली. तिनं पदर सारखा केला, उशाची पिशवी मांडीवर घेतली आणि विचारलं, "निघायचं?"

खाट हलली. एक वीत दाराकडं सरकली, मग आणखी एक. मागच्या भिंतीपाशी फरशीची एक पट्टी उघडी पडली. दार खाटेपेक्षा अरुंद होतं. मी खिशातून पकड काढून तिचा जबडा वायरीवर ठेवला. पद्मानं ती माझ्या हातातून काढून घेतली आणि उशीखाली ठेवली.