उष्टा नान

सनवबर राजधानीहून, दुशान्बेहून आली ती जीपमधून उतरतानाच हसत होती, पण नेकबख्तला लेकीच्या हसण्याआधी तिच्या हातातली निळी पेटी दिसली. पेटीत काय आहे ते पोरीने फोनवर सांगूनच ठेवलं होतं. तेव्हापासून आठ दिवस नेकबख्तला घास गोड लागत नव्हता.

"अगं आई, रडतेस काय?"

"रडत नाही. तंदूरचा धूर गेला डोळ्यात."

गच्चीवर जर्दाळू वाळत घालणारी ओयमो, म्हणजे नेकबख्तची नणंद, वरूनच ओरडली, "आली का आमची हाडांची डॉक्टरीण! सत्तावीस वर्षांची घोडी झालीस, आता नवरा शोधायचा की मेलेल्या बायका?"

"आत्या, मेलेल्या बायका टोमणे मारत नाहीत. म्हणून त्याच बऱ्या वाटतात मला."

ओयमो खदखदून हसली. तिला काय जातंय हसायला? ज्याच्या जिवाला घोर लागलाय त्याला विचारा.

जेवताना सनवबरने सगळं पुन्हा, हातवारे करत सांगितलं. लॅबमध्ये काम शिकताना सरावासाठी म्हणून तिने स्वतःच्याच गालाच्या आत कापसाची काडी फिरवली होती. त्यातून एक खूण निघाली, अशी की तपासलेल्या सहाशे बायकांत एकीतही नाही. सापडली ती थेट खालच्या टेकाडात, उत्खननात निघालेल्या एका बाईच्या दातात. पाच हजार वर्षांपूर्वीची बाई. तिच्या पूर्वजांनी पश्चिमेकडून येताना बरोबर बी आणलं आणि डोंगराच्या पायथ्याशी पहिला गहू पेरला.

"आणि गंमत अशी, ही खूण बापाकडून येतच नाही," सनवबर म्हणाली. "आईकडून मुलीला, मुलीकडून तिच्या मुलीला, बस्स. म्हणजे माझ्यात आहे ती तुझ्यात असणारच. उद्या उपाशीपोटी तुझी काडी घेते, की साखळी जुळली."

"बाई बाई, वहिनी, तू तर राणी निघालीस!" ओयमो म्हणाली. "आता माझ्यावर हुकूम सोडायला मोकळी."

नेकबख्तने चहाची वाटी खाली ठेवली. मग अगदी सहज विचारल्यासारखं करून तिने विचारलं, "दुधातून जातं का गं हे? पोर ज्या बाईचं दूध पितं, तिच्याकडून?"

"नाही गं. दुधातून नाही. पोटात वाढवते तिच्याकडूनच."

सनवबर नेकबख्तचंच दूध पिऊन वाढली होती, दोन वर्षं. पण तिच्या पोटची ती नव्हती.

देशात आपसातली लढाई पेटली त्या साली नेकबख्त आणि तिचा नवरा दव्रोन दक्षिणेत, वख्श नदीकाठच्या सरकारी कापूस-फार्मवर कामाला होते. कापूस वेचणीच्या दिवसांत गावं जळायला लागली आणि माणसं हाताला लागेल ते घेऊन पळत सुटली. नेकबख्तची मुलगी जेमतेम वीस दिवसांची. तापाने वाटेतच गेली. तिला रस्त्याच्या कडेला पुरून दोन दिवस झाले होते आणि नेकबख्तचा सदरा दुधाने भिजत होता. नदीच्या पुलाजवळ, पळणाऱ्यांचा ट्रक उभा होता तिथे, एक बाई भेटली, विशीतली, धुळीने माखलेली. तिचा मोठा मुलगा पलीकडे राहिला होता. तिने काखेतलं तान्हं पोर नेकबख्तच्या हातात दिलं आणि म्हणाली, "बहिणी, जरा धर. त्याला घेऊन आले मी." आणि पुलावरून पळाली. नेकबख्तने पोरीला छातीशी लावलं. मग ट्रक निघाला.

तिथून पुढचं नेकबख्त स्वतःलाही सांगत नसे. ट्रकच्या मागच्या बाजूला आजाऱ्यांत पडलेल्या दव्रोनला तिने सांगितलं की पोरीची आई गोळी लागून मेली. त्याने ते खरं मानलं आणि खरं मानूनच तो चार वर्षांपूर्वी गेला. घाट ओलांडून ही दोघं सासरच्या डोंगरात आली तेव्हा गावाला एवढंच माहीत होतं की दव्रोनच्या बायकोला दक्षिणेत मुलगी झालीय. म्हणजे आता जगात हे जाणणारी एकटी नेकबख्त. आणि ती निळी पेटी.

नाही म्हणून टाकावं? पण का नाही म्हणतेस, याला उत्तर काय? पोर डोळ्यांत बघून विचारील आणि आपण तिथल्या तिथे कोसळू, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

उजाडलं तेव्हा सनवबर हातमोजे घालून तयारच होती. "चल, आ कर."

"मी घेते आतल्या खोलीत जाऊन. दाढा पडल्यात माझ्या, तुझ्यासमोर तोंड उघडायची लाज वाटते."

"अगं, आईच्या दाढांना काय लाजायचं?"

"तू दे गं काडी. सांग कशी फिरवायची. एवढी काही अडाणी नाही मी."

काडी घेऊन ती आत गेली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. समोर भिंतीवर, खिळ्याला टांगलेल्या रुमालात सनवबरचा नान होता. वसंतात पोर शहराला निघाली तेव्हा गावच्या रीतीप्रमाणे नेकबख्तने तिला दारात त्याचा एक घास चावायला लावला होता आणि उरलेला टांगून ठेवला होता. गेलेल्या माणसाने परत यावं आणि आपला उष्टा नान स्वतःच संपवावा. चार महिने तो तिथे वाळत होता. सनवबर आज न्याहारीला तो खाणार होती.

उष्टा म्हणजे पोरीची थुंकी त्यात आहेच की! नेकबख्तने काडीचं टोक सुरईतल्या पाण्यात बुडवलं आणि दातांचे व्रण उमटले होते त्या कडेवरून ती घासली. एकदा, दोनदा, सनवबरने सांगितली होती तशी गोल गोल फिरवून. कण चिकटले ते फुंकून टाकले. काडी नळीत घालून झाकण लावलं.

न्याहारीला सनवबरने नान काढला आणि शीरचायमध्ये, खारट दुधाच्या चहात, बुडवायला तुकडा मोडणार, तोच थांबली. "कडेला ओला कसा लागतोय गं हा?"

नेकबख्तने हात सदऱ्याला पुसले. "माझा ओला हात लागला असेल."

"हं," म्हणत पोरीने तुकडा बुडवला आणि मिटक्या मारत सगळा नान संपवला. नेकबख्त शेवटच्या घासापर्यंत तिच्या तोंडाकडे बघत बसली.

नंतरचे सात आठवडे कसे गेले ते तिचं तिलाच माहीत. जर्दाळू वाळले, अक्रोड झोडपून झाले. फोन वाजला की ती हातातलं काम टाकून धावे. सनवबर इकडच्या तिकडच्या गप्पा मारी आणि चाचणीचं अवाक्षर काढत नसे. विचारावं तर संशय यायचा, न विचारावं तर जीव टांगणीला.

"वहिनी, भूत बघितल्यासारखी काय फिरतेस?" ओयमो म्हणाली. "पोरगी शहरात कुणाबरोबर पळून जाईल म्हणून घाबरलीस की काय? गेली तर जाऊ दे, लग्नाचा खर्च वाचला!"

"तुमच्या जिभेला काही हाड आहे का, वन्सं!" नेकबख्त एवढी कडाडली की ओयमो हातातलं सूप टाकून बघतच राहिली.

ऑक्टोबरात एका दुपारी सनवबर न सांगता आली. एकटीच, कुणाची तरी गाडी मागून घेऊन. आज ती हसत नव्हती. ओयमो शेतात गेली होती, हे बरंच झालं. सनवबर बूट काढून आत आली, आईसमोर बसली, आणि चहा नको म्हणाली. आईच्या घरी चहा नको म्हणणारी मुलगी. नेकबख्तला तिथेच सगळं कळलं.

"तुझ्या नळीतून काय निघालं माहितेय, आई? गहू. आणि मी."

नेकबख्त सतरंजीची दशी ओढू लागली.

"नुसती खूण बघून थांबले असते तर मी नाचले असते. पण कुणाची नळी कुणाची यात घोटाळा व्हायला नको, म्हणून आम्ही आणखी एक तपासणी करतो. मायलेकी निम्म्या जुळतात. आपण दोघी पूर्ण जुळलो. माणूस स्वतःशीच तेवढा जुळतो. दोन दिवस मला वाटलं माझाच हात चुकला. मग गहू दिसला आणि तो ओला नान आठवला."

"पोरी..."

"थांब. अजून संपलं नाही. त्याच आठवड्यात दक्षिणेतल्या बायकांच्या नळ्या आल्या. माझी खूण असलेली एक बाई निघाली त्यांत, पन्नाशीची. ती आणि मी निम्म्या जुळतो." सनवबरचा आवाज फाटला. "फॉर्मवर तिने लिहिलंय, मुलं तीन. दोघांची नावं आहेत. तिसरीपुढे नुसतं लिहिलंय, पुलावर."

ती मेली, हे सत्तावीस वर्षं जपून ठेवलेलं वाक्य नेकबख्तच्या ओठांवरच होतं. ते आता कुठल्या तोंडाने बोलायचं? हे घर आणि ही समोर बसलेली पोर, सगळं आता हातातून चाललं होतं आणि धरायला काही नव्हतं.

सनवबर पुढे सरकली. तिने आईचे गुडघे धरले. "तिनेच दिलं ना मला तुझ्याकडे? लढाई होती. वाचवायला म्हणून देत असतील बायका. तसंच झालं ना? सांग ना आई, तसंच झालं ना?"

पोर स्वतःच दार उघडून देत होती. नुसती मान हलवायची होती. हो म्हटलं की पोर गळ्यात पडून रडली असती, आणि आई आईच राहिली असती. नेकबख्तला तो 'हो' जिभेवर जाणवला. पण पोरीच्या डोळ्यांत एवढी आशा होती की ती त्या डोळ्यांना भ्यायली. त्या पेटीलाही ती एवढी भ्यायली नव्हती.

"नाही," ती म्हणाली. "जरा धर म्हणाली होती. येते म्हणाली होती."

"मग तू थांबली असशील. ट्रक निघून गेला असेल."

"ट्रक उभा होता. ड्रायव्हर विचारत होता, अजून कुणी यायचंय का. ती पुलावर दिसत होती मला. पोराला कडेवर घेऊन परत येत होती." नेकबख्तचे दात एकमेकांवर आपटू लागले. "मी म्हटलं, कुणी नाही. चल."

सनवबरने हात काढून घेतले. नेकबख्तला वाटलं, आता ही उठेल आणि जाईल, आणि मी इथेच मरेन. ती ओरडली असती, तिने दोन थपडा मारल्या असत्या, तरी बरं झालं असतं.

"शाल घे," शेवटी सनवबर उठत म्हणाली. "बोगद्यातून गेलं तर रात्री दुशान्बेला मुक्काम करता येईल. उद्या दुपारी तिच्या दारात पोचू."

"मी? मी कशाला गं? ती जीव घेईल माझा."

"मी एकटीने जाऊन तिला काय सांगू? कोण म्हणून उभी राहू?" आता मात्र पोर रडायला लागली, लहानपणी रडायची तशी, नाक ओढत. "तू मला तिच्या हातून घेतलंस ना? तूच नेऊन तिच्या हातात दे. पुढचं पुढे."

नेकबख्तने शाल घेतली, दाराला कडी लावली आणि गाडीत लेकीच्या शेजारी जाऊन बसली. गाव मागे पडलं.

"तिचं नाव काय गं?" नेकबख्तने विचारलं. ते विचारायचं तिला कधी सुचलंच नव्हतं.

"अंबरमो."

पुढे घाटभर नेकबख्त ते नाव मनातल्या मनात म्हणत राहिली. त्या बाईसमोर उभं राहिल्यावर निदान नाव घेताना तरी अडखळायला नको होतं.