कानसेनांची जवारी

तंबोरे दुरुस्त करणाऱ्या त्या म्हाताऱ्यांना सगळे कानसेन म्हणत. तार घोडीवर टेकते तिथं सुताचा दोरा केसभर पुढंमागं सरकवला की मुकी तार गुंजायला लागते. याला जवारी लावणं म्हणतात, आणि त्यात कानसेनांचा हात धरणारा कुणी नव्हता.

अलीकडे मात्र कान दगा देत होते. त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. गंमत अशी, की गिऱ्हाइकं पूर्वीपेक्षा खूश होती. "काय गोडवा उतरलाय!" म्हणायची, आणि म्हाताऱ्याच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

एकदा पांढरं रीळ सापडेना, म्हणून गायिकाबाईंच्या तंबोऱ्याला त्यांनी निळा दोरा लावला. जेवून येतात तो दोरा पांढरा!

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुद्दाम दोरा भलतीकडे ओढून ठेवला आणि "जरा पडतो" म्हणून आत गेले. दाराच्या फटीला डोळा लावला. थोड्या वेळानं ओले हात पुसत सून आली. तार छेडली, मान कलती केली, दोरा सरकवला. नाद त्यांना नीट ऐकू आला नाही, पण तिच्या चेहऱ्यावर दिसला.

"किती दिवस चाललंय हे?"

सून दचकली. "तुम्हाला सर्दी झाली होती ना मामंजी, तेव्हापासून."

"ती तर गेल्या वर्षी!"

"कान मोकळे व्हायची वाट बघत होते."

रागवायला उघडलेल्या तोंडातून त्यांना हसूच फुटलं. "आणि शिकलीस कुठं?"

"भिंतीपलीकडे. बारा वर्षं ऐकतेय. भाजी करपते ती काय उगीच?"

"मग ही जोडाची तार कशी सोडलीस? बसकी वाटतेय."

"नाही मामंजी, बरोबर आहे ती."

त्यांनी भोपळ्याला गाल लावला. थरथर एकसारखी होती. "आहे खरी," ते नाइलाजानं म्हणाले.

संध्याकाळी गायिकाबाई आल्या. तारा छेडून डोळेच मिटले त्यांनी. "कानसेन, तुमचा हात म्हणजे—"

"हात हिचा, बाई! माझं नुसतं लाकूडकाम!" कानसेन इतक्या मोठ्यानं म्हणाले, की समोरचा न्हावी वस्तरा थांबवून बघायला लागला.

बाईंनी सुनेकडे नीट पाहिलं. "घरी आणखी दोन मुके पडलेत. उद्या आणू?"

सून सासऱ्यांकडे बघते तर त्यांनी आपली बैठक बाजूला सरकवून तिला जागा केलेली. बाई गाऊन बघू लागल्या, कानसेन खुशीत भोपळा पुसत गुणगुणू लागले.

"मामंजी," सून हळूच म्हणाली, "तेवढं गुणगुणणं थांबवा. बाईंचा सूर हलतोय."

"काय म्हणालीस?"