पौषातलं पाणी

"मी खाली उतरणार नाई," बळीराम म्हणाला आणि त्यानं पाठीवरचं सिलिंडर काढून होडीत आडवं ठेवलं.

काठावर बंजाऱ्यांचा सगळा तांडा उभा होता. आदल्या दिवशी, पोळ्याच्या सकाळी, नेमसिंग बैल धुवायला पैनगंगेत उतरला होता. वरून पाण्याचा लोंढा आला, बैल बुजला आणि त्याला आवरता आवरता नेमसिंग मधल्या धारेला लागला. बैल खालच्या अंगाला पोहत बाहेर निघाला. नेमसिंग निघाला नाही.

"मंग आले कायले तुमी? हवा खायले?" नेमसिंगचा भाऊ सेवादास ओरडला. "पथक म्हंते अन् पाण्याले भेते!"

बळीराम होडीच्या कडेला वाकला आणि सर्वांना दिसेल असा हात पाण्यात घातला. मनगट बुडालं तसा पंजा दिसेनासा झाला. घट्ट चहासारखं पाणी होतं ते.

"वीतभर खाली माहाच हात मले दिसत नाई. तळाले झाडं वाहून आले असतीन, तारा असतीन. अडकलो तं दोन मुडदे शोधा लागतीन."

बळीराम उमरखेडच्या नगरपालिकेत पाण्याचे व्हॉल्व्ह फिरवायचा. बुडालेल्यांना शोधणाऱ्या पथकात तो बारा वर्षांपासून होता, आणि नदी कोणत्या महिन्यात कशी वागते हे त्याला घरच्या माणसाच्या स्वभावासारखं ठाऊक झालं होतं. श्रावण-भाद्रपदात ती आंधळी. दिवाळीनंतर गाळ खाली बसतो, पण हिरवट झाक राहते. पौषात ती काचेसारखी होते. चैत्रात धार तुटून डोह उरतात.

तीन वर्षांपूर्वी अशाच भाद्रपदात, अशाच गर्दीच्या आरडाओरड्यापायी त्याचा जोडीदार संजय खाली उतरला होता. दोरी बळीरामच्या हातात होती. एक झटका म्हणजे ठीक, दोन म्हणजे ओढा. झटका आलाच नाही. दुसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर संजय बुडालेल्या बाभळीत सापडला, तोंडातली नळी निसटलेली. तेव्हापासून बळीराम गढूळ पाण्यात उतरला नव्हता, कोणाला उतरूही दिलं नव्हतं.

तीन दिवस तो आणि होडी चालवणारा अतुल दोरीला लोखंडी गळ बांधून तळ चाळत राहिले. हाती काही लागलं नाही. चौथ्या दिवशी पथकाला परतायचा निरोप आला.

निघताना नेमसिंगची बायको हंसाबाई होडीजवळ आली. तीन दिवसांत ती एकदाही ओरडली नव्हती.

"भिया," ती म्हणाली. तांड्याच्या बोलीत ते भावाला म्हणतात. "पानी कधी निवळंल?"

"खरं पानी पौषातच निवळते, बाई. पन तवापावतर..."

"मंग पौषात ये."

असे शब्द द्यायचे नसतात, हे बारा वर्षांत तो शिकला होता. तरी त्यानं मान हलवली.

पुढं पोलिसांत नेमसिंग 'बेपत्ता' राहिला. प्रेत तेलंगणात वाहून गेलं असं कोणी म्हणालं. माहूरच्या यात्रेत तो जिवंत दिसला, असंही कोणी म्हणालं. बळीराम नदीकाठच्या खालच्या गावांत फोन लावत राहिला. कुठंच काही नव्हतं.

पौष लागला तशी त्यानं दोन दिवसांची रजा टाकली आणि पथकाच्या साहेबांना विचारून सामान घेतलं.

"तुले कोनी बोलावलं नाई, हुकूम नाई," त्याची बायको रुखमाबाई म्हणाली. "संजयभाऊ गेले तवापासून मी जीव मुठीत धरून राह्यली. मंग काहून जातं?"

"पानी निवळलं," तो म्हणाला. तिनं भाकरी बांधून दिली.

सकाळी दहाला तो उतरला. दोरी अतुलच्या हातात होती. पाणी हाडं गोठवणारं होतं, पण काय दिसत होतं! वरून आलेलं ऊन थेट तळाच्या वाळूवर पडलं होतं. गोटे, शिंपले, बोटभर मासे, सगळं लख्ख. याच नदीत आपण आंधळ्यासारखं चाचपडत होतो, हे खरं वाटू नये असं.

डोहाच्या कपारीत एक जाडजूड खोड अडकलेलं होतं. त्याच्याखाली गाळात धोतराची किनार दिसली. मग बाकीचं दिसलं. मासे आणि महिने जेवढं ठेवतात तेवढंच उरलं होतं.

आणि त्या खोडात एक गळ रुतलेला होता. त्यांचाच. भाद्रपदात तो खाली अडकला तेव्हा दगड असेल असं समजून बळीरामनंच दोरी कापली होती.

तो बराच वेळ तिथं तरंगत राहिला. वरून अतुलनं दोरीला झटका दिला. त्यानं उलट एक झटका दिला. ठीक.

दुपारपर्यंत पोलीस आले, पंचनामा झाला. चादरीत बांधलेलं गाठोडं काठावर ठेवलं होतं. हंसाबाईनं धोतराची किनार ओळखली. तिची नणंद शीला हंबरडा फोडून रडली. हंसाबाई नुसती बसली.

गळाचं तो सांगितल्याशिवाय राहू शकला असता. अतुलशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. पण तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

"बाई, पोळ्याच्या वक्ताले आमची होडी याच्या वरच व्हती. गळबी लागला व्हता. मी उतरलो असतो तं कदाचित तवाच..."

तिनं डोहावर झुकलेल्या दगडाकडं पाहिलं.

"मी रोज यिऊन त्या दगडावर बसत व्हती," ती म्हणाली. "म्हंजे त्याच्या डोक्यावरच बसत व्हती म्हन की."

बळीरामला बरं वाटावं असं ती काही बोलली नाही.

थोड्या वेळानं शीला हंसाबाईच्या दंडावरच्या पांढऱ्या बांगड्या उतरवायला लागली. आजवर कोणी कितीही सांगितलं तरी हंसाबाईनं त्यांना हात लावू दिला नव्हता. लग्नातला चुडा तो; तीस वर्षांत दंड भरला होता, बांगडी कोपरावरून सरकेना. सेवादासनं दगड उचलला.

"फोडू नोको," हंसाबाई म्हणाली. मग बळीरामकडं वळून तिनं विचारलं, "भिया, साबन हाय का तुह्यापाशी?"

होता. अंगावर रबरी पोशाख चढत नाही म्हणून गोताखोर जवळ साबण ठेवतात. गारठलेल्या बोटांनी त्यानं पिशवीतून वडी काढून शीलाच्या हातात दिली आणि पाठ फिरवून नदीकडं तोंड करून उभा राहिला.

मागं बांगड्या एकेक वाळूवर ठेवल्याचा आवाज येत होता. साबणाचा फेस त्याच्या पायाजवळून ओघळत पाण्यात शिरला. पाणी इतकं निवळ होतं की तो पार विरेपर्यंत त्याला दिसत राहिला.