आतली शिडी

शंभूला टाकीतून बाहेर काढायला बिरदेवलाच बोलावलं, कारण ती टाकी त्यानंच बांधली होती.

केंदूरला सोपानरावांची मोठी पोल्ट्री. तिथं मका साठवायला पत्र्याच्या तीन उभ्या टाक्या होत्या. शहाणेसुरते लोक त्यांना सायलो म्हणत, बाकीचे नुसतं टाकी. दोन मजली घरापेक्षा उंच, वर माणूस शिरेल एवढं झाकण आणि खाली नरसाळ्यासारखं निमुळतं तोंड. खालचं दार सरकवलं की मका धो धो खाली यायचा आणि भरडायला जायचा. पण पावसाळ्यात मका ओला यायचा. तो आतल्या आत आळायचा आणि दगडासारखा घट्ट बसायचा. मग कुणीतरी कमरेला दोर बांधून झाकणातून आत उतरायचं आणि पहारीनं तो फोडायचा. वर दुसऱ्यानं दोर धरून बसायचं. सगळीकडे हीच रीत होती.

त्या दिवशी शंभू उतरला. दोर त्याच्याबरोबर कामाला असलेल्या भिमाजीच्या हातात होता. शंभूच्या पायाखालचा मका वरून घट्ट दिसत होता, पण खाली सगळं पोकळ झालं होतं. पहारीचे चार घाव बसले आणि तो थर खचला. शंभू त्याच्याबरोबर खाली गेला आणि कडेचा मका त्याच्या अंगावर आला. भिमाजीनं दोर ओढला, पण मक्यात गाडलेला माणूस नुसत्या दोरानं वर येत नाही. तळहाताची सालटी निघाली आणि दोर सुटला.

बिरदेवचं वेल्डिंगचं शॉप तळेगाव ढमढेऱ्यात बाजारतळाला लागून होतं. सोपानरावांची जीप दारात येऊन थांबली तेव्हा तो एका ट्रॉलीचा हूक जोडत होता. जीपमध्ये त्याला कुणी नीट काही सांगितलं नाही. नुसतं, "कापायचं सामान घ्या, टाकी फोडायचीय." आत कोण आहे हे त्याला पोल्ट्रीच्या फाटकात कळलं. शंभू म्हणजे पूनमचा, त्याच्या बायकोचा, पाठचा भाऊ. बिरदेवचा मामेभाऊही आणि मेहुणाही. दाजी, दाजी करत शॉपवर येऊन बसणारा.

गॅस कटर लावावा तर मक्याच्या भुकटीनं पेट घेतला असता. बिरदेवनं छिन्नी-हातोडा घेतला आणि स्वतः बसवलेला पत्रा स्वतःच फाडायला लागला. भोक पडलं तसा मका भळाभळा बाहेर आला. बायका-माणसं पाट्या भरभरून मका बाजूला ओढत होती. शेवटी एक पाय दिसला. भिमाजी तिथंच चिखलात बसला आणि रक्ताळलेले हात समोर धरून बघत राहिला.

तेरावं झालं. माणसं पांगली. बिरदेव सासूच्या, अनसाबाईच्या, घरी ओसरीवर बसला होता. त्या दिवशी त्यांनी एवढंच विचारलं, "बिरदेवा, आत धरायला काईच नव्हतं का रं?"

"न्हाई मामी."

"एवढी मोठी टाकी केलीस आन् आत धरायला काईच न्हाई?"

त्यात राग नव्हता. खरोखरच त्यांना ते समजत नव्हतं. बिरदेवला मात्र त्यानंतर जेवण गोड लागेना. टाकीला बाहेरून शिडी होती, वर चढायला. ती त्यानं नीट केली होती, सगळेच करतात. आतल्या माणसाचा विचार त्यानं केला नव्हता आणि कुणीच केला नव्हता.

शिडी आत हवी. झाकणापासून पार तळापर्यंत, पत्र्यालाच जोडलेली, काढता न येणारी. माणूस कुठंही असला तरी हात टाकला की पायरी लागली पाहिजे.

हे बोलायला सोपं होतं. पहिली शिडी त्यानं पत्र्याला फार जवळ लावली, तर पायाची बोटंच आत जाईनात. लांब घेतली तर ती मक्याच्या वजनानं वाकणार. साध्या गोल सळईवरून भुकटी लागलेला पाय घसरायचा, म्हणून त्यानं टॉरची पीळदार सळई घेतली. शॉपच्या मागं एक जुनी टाकी उभी केली आणि तीत रोज चढउतार चालू केली. आत अंधारच असतो, म्हणून डोळे मिटून चढायचा. मग पूनम म्हणाली, "तुमचे पाय लांब हायती. शंभूची उंची माझ्याएवढी. मला चढू द्या."

तिनं पदर खोचला आणि आत उतरली. बिरदेव वरून वाकून बघत होता. मध्यावर ती थांबली.

"काय झालं?"

"काई न्हाई. हितं पायरी लांब पडती." थोड्या वेळानं तिचा आवाज परत आला, "त्याला पण लांब पडली असती."

तिच्या पायाच्या मापानं पायऱ्या जवळ आल्या. शिडी पुरी झाली त्या दिवशी अनसाबाई मुद्दाम आल्या, तिला हळदकुंकू लावलं आणि कपाळ टेकवलं. त्यांच्या माहेरच्या मेंढरांच्या वाड्यावर कधी कुणी लोखंडाला कपाळ टेकवलं नसेल. पूनम त्या दिवशी, भाऊ गेल्यापासून पहिल्यांदाच, पोटभर जेवली.

सोपानरावांनी तिन्ही टाक्यांना शिडी बसवून घेतली. मऊ माणूस, झाल्या गोष्टीनं तोही हादरला होता. शिडी बसल्यावर सगळ्यात जास्त आनंद भिमाजीला झाला. त्या दिवसापासून त्यानं दोर हातात धरला नव्हता. कुणी दोर धर म्हटलं की तो हात मागं घ्यायचा. बिरदेव त्याला म्हणाला, "भिमाजी, आता दोराचं कामच न्हाई. आता खुशाल उतर."

भिमाजी उतरला, तळाला पाय लावून वर आला आणि झाकणात बसून लहान पोरासारखा रडला.

बातमी पसरली. शिरूरच्या, दौंडच्या अंगाच्या पोल्ट्रीवाल्यांनी बोलावलं. केडगाव, पाटस, यवत. बिरदेव जाईल तिथं शिडी बसवत गेला. पूनम येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "माझ्या भावामागं लोकांचं तरी भलं झालं." दोन पावसाळे चांगले गेले.

तिसऱ्या पावसाळ्यात सोपानरावांची जीप परत दारात आली. या वेळी ड्रायव्हरनं तोंड उघडण्याआधीच बिरदेवनं छिन्नी हातात घेतली होती.

आत भिमाजी होता.

पत्रा फाडला, मका ओढला. भिमाजी शिडीवरच होता. उभा. पाय पायरीवर, दोन्ही हातांनी वरची सळई घट्ट धरलेली. बोटं सोडवायला दोन माणसं लागली. शिडी तसूभर हलली नव्हती, एक जोड सुटला नव्हता. लोक म्हणाले, बघा, मरतानासुद्धा शिडीनं सोडलं नाही त्याला. सोपानराव म्हणाले, "बिरदेवा, तुझ्या कामात खोट न्हाई. त्याची वेळच भरली व्हती."

बिरदेव फाडलेल्या पत्र्यातून आत वाकून बघत होता.

टाकीचा सगळा पत्रा आतून गुळगुळीत होता. मका त्यावरून घसरून स्वच्छ खाली गेला होता. फक्त शिडीपाशी तो गेला नव्हता. प्रत्येक पायरीवर ओल्या मक्याचा गोळा धरला होता. त्या गोळ्यावर दुसरा, त्यावर तिसरा, असं करत शिडीच्या दोन्ही अंगांनी वरपर्यंत मक्याच्या भिंती उभ्या राहिल्या होत्या. त्यांचे तुटके भाग अजून पत्र्याला लटकत होते. भिमाजी एकेक पायरी मोकळी करत, त्या दोन भिंतींच्या मधून खाली उतरत गेला असणार. शिडी आहे म्हणून बिनधास्त. आणि मग दोन्हीकडच्या भिंती त्याच्यावर आल्या असणार.

शिडी नसती तर मका धरलाच नसता. निदान इतका नाही. आणि शिडी नसती तर दोर धरायला घाबरणारा भिमाजी आतही गेला नसता.

तो हे सोपानरावांना म्हणाला. शांतपणे, बोट दाखवून. सोपानरावांनी वाकून बघितलं आणि मान हलवली. "मका काय, कुठंबी चिकाटतो. तू आता डोक्यात काई घेऊ नको. जा घरी."

भिमाजीची बायको सिंधूबाई माणसांच्या घोळक्यात बसली होती. बिरदेव निघताना ती त्याला बघून उठली. त्याला वाटलं, आता ही शिव्या देईल, आणि त्याला त्या हव्याच होत्या. ती हात जोडून म्हणाली, "भाऊ, तुमच्या शिडीचं लई कौतुक करायचे. दोन वर्षं सुखानं झोपले वो त्या शिडीपायी." बिरदेवला तिच्यासमोर उभं राहवेना. तो जीपमध्ये न बसता पायीच फाट्यापर्यंत गेला.

घरी त्यानं पूनमला सांगितलं. ती चुलीपुढं बसली होती. ऐकत राहिली, भाकरी तव्यावर करपली तरी तिनं ती काढली नाही.

"पायऱ्यांमुळंच मका धरतो," तो म्हणाला. "मी डोळ्यांनी बघितलं. आपल्या शिडीनं मारलं त्याला."

"परत म्हणू नका."

"पूनम—"

"परत म्हणू नका ते. माझा भाऊ गेला, त्यातनं येवढं एकच निघालं व्हतं. ते बी घेताय व्हय?" तिनं करपलेली भाकरी तशीच परातीत टाकली. "आन् आईपुढं तर बोलूच नका. ती मरंल."

त्यानंतर त्या घरात शिडीचा विषय निघाला नाही. बिरदेव मात्र सामान बांधून बाहेर पडला. जिथं जिथं शिडी बसवली होती तिथं तिथं गेला आणि ती कापून काढू द्या म्हणून सांगू लागला. फुकट काढून देतो म्हणाला. सोपानरावांनी आधी टाळलं, मग फाटकावर सांगून ठेवलं की बिरदेव आला तर चहा पाजा आणि परत पाठवा. केडगावच्या मच्छिंद्रशेठनं त्याला टाकीखाली उभं करून ऐकून घेतलं.

"काढतो म्हणतोस. मग माझी माणसं उतरायची कशी?"

"उतरूच नयेत."

"आन् मका अडला तर?"

"मका सुकवून भरा. ओला भरू नका."

"पावसात सुकवू? कुठं, माझ्या डोक्यावर?" मच्छिंद्रशेठ हसला नाही, खरंच विचारत होता. "कर्नाटकातनं गाडी येती ती ओलीच येती. कोंबडी काय थांबती का? मका अडला की माणूस आत जाणार. शिडी काढली तर दोरानं जाईल, तुझा मेहुणा गेला तसा. मंग सांग, कसा मारू त्याला? दोरानं का शिडीनं?"

तिथल्या कामगारांनीच त्याला बाहेर घालवलं. त्यात दोघे बिहारकडचे होते. एक जण म्हणाला, "सीढ़ी मत निकालो भाई, सीढ़ी है तो डर नहीं लगता." तेच तर तो सांगायचा प्रयत्न करत होता, की डर लागला पाहिजे. पण हे त्या माणसाला कसं सांगावं त्याला कळेना.

मग त्यानं दुसरा उपाय काढला. झाकणाखाली सळयांची जाळी बसवायची, म्हणजे मका आत जाईल, माणूस जाणार नाही. वरूनच लांब पहार घालून जमेल तेवढं फोडायचं. पाटसला एक जण जाळी लावून घ्यायला तयार झाला. बिरदेव किती तरी दिवसांनी थोडा मोकळा झाला. महिन्याभरानं तो बघायला गेला, तर जाळी हॅक्सॉनं कापून कडेला गवतात टाकलेली. लांब पहार मधोमध पोचत नव्हती. मका अडला होता, कोंबड्या उपाशी होत्या, आणि कुणीतरी शिडीनं आत उतरून तो मोकळा करून दिला होता. काही झालं नव्हतं. "बघा, काई झालं का?" मालक म्हणाला.

बिरदेवनं टाक्यांचं काम बंद केलं. पुढं ट्रॉल्या-नांगरातही मन लागेना. शॉपवर बसलं की गिऱ्हाईक शिडीचंच विचारायचं. शेवटी त्यानं शॉप भाड्यानं दिलं आणि सणसवाडीच्या एका कारखान्यात वेल्डर म्हणून लागला. तिथं मोटारीच्या सीटखालच्या पट्ट्या जोडायच्या. दिवसभर तोच एक तुकडा, तोच एक टाका. कशासाठी आहे, कुठं जाणार आहे, विचारायचं नाही. त्याला ते बरं वाटायचं.

एकदा दुपारपाळीला जाताना शिक्रापूरच्या चौकात बस अडकली. शेजारी ट्रकवर एक नवी कोरी टाकी आडवी बांधलेली होती. झाकणाचं तोंड बसकडं होतं, उघडं. आत दूरवर जाणारी पीळदार सळईची शिडी दिसत होती. पायऱ्या जवळ जवळ, पूनमच्या पायाच्या मापाच्या.

तो बसमधून उतरला आणि ट्रकच्या दाराशी गेला. ड्रायव्हरशेजारी टाकी करणारा बसला होता, पंचविशीतला गडी, हाताला वेल्डिंगचे चटके.

"ही शिडी आत लावू नका," बिरदेव म्हणाला.

"का वो मामा?"

"तिला मका धरतो. माणूस मरतो."

तो गडी बावचळला, मग समजुतीनं म्हणाला, "मामा, माणूस मरू नये म्हणून तर हाय ती. आता आमच्या दौंडच्या अंगाला हिच्याबिगर कुणी टाकी घेत न्हाई. केंदूरला कुणाचा तरी मेहुणा मेला व्हता, तवापासून निघाली ही."

"मला माहीत हाय."

"मग?"

मागून हॉर्न वाजायला लागले. ड्रायव्हरनं गिअर टाकला. बिरदेवनं दाराची कडी धरून ठेवली होती, ती त्या गड्यानं हळूच त्याची बोटं उचलून सोडवली, आणि ट्रक पुढं गेला. बसही निघून गेली होती. बिरदेव चौकात डिव्हायडरवर बसला. पाळीची वेळ टळून गेली, पुढच्या दोन बस आल्या आणि गेल्या, तरी त्याला उठावंसं वाटलं नाही.