पहिल्या खेपेचा नकार

नोरा कडेवर पेंगली होती, तरी ट्रूडी तिला खाली ठेवायला तयार नव्हती. पोर खाली ठेवलं की हात रिकामे होतात, आणि हात रिकामे झाले की मन नको तिथे धावतं. खिडकीतून समोरचा रस्ता दिसत होता आणि त्यापलीकडे काचघरांच्या रांगा. त्यांतल्याच एका काचघरात एवेलिओ, नोराचा बाप, टोमॅटोच्या वेली बांधायचा. आता शनिवारी त्याला परत त्याच्या देशी, ग्वातेमालाच्या विमानात बसवायचं, असं मालकाने ठरवलं होतं.

गुन्हा एवढाच, की माणसं रांगांत असतानाच औषध फवारतात म्हणून तो बोलला. डोळे सुजले, खोकला थांबेना. मुकादम म्हणाला, "एवढा नाजूक असशील तर आईकडे जा."

कायदा-मदत केंद्रातल्या बाईंनी ट्रूडीला नीट समजावलं होतं. मालक कामावरून काढू शकतो, देशाबाहेर नाही. एवेलिओचा कामाचा परवाना त्या एका मालकाशी बांधलेला. पण ज्याचा छळ झाला, त्याला कुठेही काम करता येईल असा खुला परवाना मागता येतो. त्यासाठी काय झालं ते सांगावं लागतं, आणि पाहणारा कुणी असला तर बरं. लग्न करून नवऱ्याला इथे ठेवून घ्यायचा रस्ताही होता, पण तो लांबचा. बिनलग्नाचं जोडपं म्हणून अर्ज करायचा तर वर्षभर एका छपराखाली राहिलेलं हवं, आणि एवेलिओ राहायचा मजुरांच्या बराकीत, जिथे पाहुण्याला उंबरठा ओलांडायची बंदी. "आधी परवाना, मग लग्न," बाई म्हणाल्या होत्या. "एकाने दुसरं अडत नाही."

पण ट्रूडीला धीर कुठला निघायला. तिने परस्पर नगरपालिकेत जाऊन शुक्रवारची लग्नाची वेळच घेतली.

ऐकून एवेलिओने बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. "आमच्याकडे चोरासारखं लग्न करत नाहीत, ट्रूडी. मोठी माणसं मागणी घालायला येतात."

"बरं, मग परवाना तरी माग."

"तक्रार मी करायची आणि पोटावर पाय बराकीतल्या सगळ्यांच्या? नको. मी जातो. पुढे रीतसर येईन."

"येशील? कोण येऊ देणार आहे तुला?"

तेवढ्यात पपांचं बोलणं तिला आठवलं होतं. तिचे वडील आयझॅक वीब. मेक्सिकोत जन्मलेले, लहानपणी आईबापांबरोबर इथे येऊन टोमॅटो तोडलेले. एवेलिओला त्यांनी कधी वाकडा शब्द ऐकवला नाही, पण रविवारच्या टेबलावर कधी बोलावलंही नाही. "कागदासाठी गळ्यात पडलेला माणूस," शुक्रवारचं कळल्यावर ते म्हणाले होते, "कागद मिळाला की उठतो."

आता रस्त्यावर सायकली दिसल्या. निदान मागणी घालून जाईन, एवढं एवेलिओने शेवटी कबूल केलं होतं. पुढे एवेलिओ, इस्त्रीचा सदरा घातलेला. मागे बराकीतले आणखी दोघं, आणि सगळ्यांत शेवटी ताता सिलवेरियो, बराकीतलं सगळ्यांत वडील माणूस, सायकलच्या मागे टोपली बांधून. टोपलीवर विणलेलं लाल फडकं होतं.

पपांनी दार उघडलं. चौघांनी टोप्या काढल्या.

"आयझॅकभाऊ," ताता स्पॅनिशमध्ये म्हणाले, "आमचं एक वासरू तुमच्या कुंपणात शिरलंय. यायला उशीर झाला खरा. वासराला वासरूही झालं."

एवेलिओ मान खाली घालून उभा. ट्रूडीचे कान तापले. पपांच्या ओठाचा कोपरा किंचित हलला, पण ते म्हणाले, "त्याला तोंड नाही?"

"मागणीत मुलाने बोलायचं नसतं. त्याचे आईबाप लांब, म्हणून मी." ताता टोपली पायरीवर ठेवून वाकले. फडक्याखाली गोड पाव होते, चॉकलेटच्या वड्या होत्या. "मुलगा कसा आहे, ते सांगतो. फवारा सुरू झाला तेव्हा माझे गुडघे अडकले होते. यानं आधी मला बाहेर ढकललं, मग स्वतः निघाला. डोळे त्याचे सुजले. माझे धड आहेत, बघा."

हे एवेलिओने तिला कधी सांगितलंच नव्हतं. नोराला तिने जरा घट्ट धरलं.

पपांनी फडकं पुन्हा टोपलीवर नीट ओढलं. "मुलगी आहे माझी, टोमॅटोची पेटी नाही, मागितली की उचलून द्यायला," ते म्हणाले. "आज मी हो म्हणणार नाही. आलाच आहात तर आत या. कॉफी झालीय."

ट्रूडी वळून स्वयंपाकघरात गेली. एवेलिओ मागोमाग आला, आणि त्याच्या चेहऱ्यावर चक्क हसू होतं.

"ते नाही म्हणाले. आणि तू हसतोस?"

"पहिल्या खेपेला हो म्हणाले असते तर आमच्याकडे त्यांचीच मान खाली गेली असती. पहिल्यांदाच देतात त्यांना मुलगी जड झालेली असते. बाप खरा आहे तुझा. पुढच्या रविवारी परत यायचं."

"पुढच्या रविवारी तू कुठे असशील, एवेलिओ?"

त्याचं हसू तसंच राहिलं, पण डोळ्यांतून निघून गेलं. इतके दिवस ती जे सांगून थकली होती, ते त्याला आत्ता दिसलं.

दारात ताता उभे होते. "मागणी घालायची आणि नवरामुलगाच परगावी, असं कुठे असतं? उद्या त्या बाईंकडे जाऊ. मी पाहिलंय, मी सांगेन."

"ताता, पुढच्या हंगामाला तुम्हाला बोलावणार नाहीत ते."

"माझे गुडघेही तेच म्हणतात, बोलावू नका." त्यांनी एवेलिओच्या खांद्यावर हात ठेवला. "पोरा, तू गेलास तर ही टोपली मी एकटा कितीदा वाहू?"

एवेलिओने डोळे पुसले. "उद्या जाऊ," तो म्हणाला.

टेबलावर पपांनी घरचे पाव, चीज आणि प्लमचा मुरंबा मांडला होता. त्यांच्या शेजारीच त्यांनी टोपलीतला गोड पाव ठेवला. स्वयंपाकघरातलं सगळं त्यांनी ऐकलं होतं. भिंती पातळ होत्या.

"बराकीतून निघाल्यावर सामान कुठे टाकणार?" त्यांनी एवेलिओला विचारलं.

"ठरलं नाही अजून."

"मागची खोली रिकामीच आहे. लग्नाचं बोलत नाही मी. त्याचा विचार चालू आहे."

ट्रूडीने नोराला अलगद एवेलिओच्या हातांत दिलं आणि पाव कापायला घेतला.

"ताता," पपा हळूच म्हणाले, "तुमच्याकडे बापाने कितीदा नाही म्हणायचं असतं?"

"दोनदा पुरतं. तीनदा म्हटलं तर गावात नाव होतं."

पपांनी पावाचा तुकडा तोंडात टाकला. "ट्रूडी, शुक्रवारची वेळ रद्द कर," ते म्हणाले. "माझं अजून दोनदा राहिलंय."